चोरओटी

बडोद्यात आम्हाला लोक महाराष्ट्रीयन म्हणायचे आणि पेणला आल्यावर पहिल्याच आठवड्यात गल्लीत आमचं नाव पडलं ते ‘गुजराती जोडपं’. आमची दोघांची घरं तीन पिढ्या बडोद्यातली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, असं आमचं चाललेलं. लग्नानंतर इकडे यायचं ठरलं तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, बरं झालं, आपल्याच राज्यात चाललात. आपल्या राज्यातल्या वाण्याने मला विचारलं, "भाभी, क्या चाहिये?" मी मराठीत तूरडाळ मागितली, मराठीत भाव विचारला, आणि तो शेवटपर्यंत हिंदीत बोलला. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. त्या दिवसांत आम्ही कशालाही हसत होतो.

नवऱ्याला रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझरची नोकरी लागली होती. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. कंपनीची बस पेणहून सुटायची, म्हणून घर पेणला घ्यायचं हे त्यानेच ठरवलं आणि मला फोनवर कळवलं. घर म्हणजे एका दुमजली घराचा वरचा मजला. दोन खोल्या, गच्चीचा तुकडा, नि खालच्या नळावरून पाणी वर न्यायचं. खाली घरमालकीण राहायची. तिला सगळी गल्ली काकी म्हणायची, म्हणून मीही. मूळची खाडीकडच्या गावातली, तरुणपणी मिठागरावर काम केलेली. आता गुडघे गेले होते, पण आवाज शाबूत होता. तिचा मोठा मुलगा माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत होता, त्याच बसने जायचा.

मी स्वतः बडोद्यात तीन वर्षं एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. पांढरा ॲप्रन, काचेची ब्युरेट, थेंब थेंब सोडून रंग कधी पालटतो ते बघत राहायचं. हे काम मला आवडायचं. आवडायचं म्हणजे सुट्टीच्या दिवशी करमायचं नाही इतकं. लग्नाच्या बोलण्यात मी फक्त एकच गोष्ट विचारली होती, तिकडे मला लॅबमध्ये काम मिळेल का? तो म्हणाला होता, "धाटावात लॅब काय कमी आहेत? पोचल्या पोचल्या लागशील." त्या शब्दावर मी राजीनामा दिला. आईने ॲप्रन तिथेच कोणाला तरी देऊन टाक म्हणून सांगितलं, तर मी तो साड्यांच्या खाली घडी करून आणला.

खरोखरच पोचल्या पोचल्या संधी आली. त्याच्याच कंपनीच्या लॅबमध्ये एक जागा होती. जाहिरात मोबाइलवर मलाच दिसली, त्याने सांगितली नव्हती. मी अर्ज केला आणि बोलावणं आलं. पेणहून सकाळच्या पॅसेंजरने निघाले. निडी स्टेशनात गाडी उगाचच वीस मिनिटं उभी राहिली आणि मी तोंडाने सूत्रं घोकत बसले. रोह्याला उतरून रिक्षाने पूल ओलांडला, कंपनीच्या गेटात नाव लिहिलं. लॅबचे साहेब वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. समोर सॅम्पल ठेवलं आणि म्हणाले, करून दाखवा. मी केलं. माझा आकडा त्यांच्या वहीतल्या आकड्याशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळला. ते म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. आठवडाभरात लेटर येईल."

परतीच्या गाडीत मला इतका आनंद झाला होता की समोरच्या अनोळखी बाईला मी आपणहून पाणी दिलं. घरी येऊन ॲप्रनला इस्त्री केली. नवरा संध्याकाळी आला, ॲप्रन खुर्चीवर टांगलेला बघितला आणि म्हणाला, "बघू." एवढंच. मला वाटलं दमला असेल.

आठवडा गेला, दुसरा गेला. लेटर आलं नाही. मी विचारलं की तो म्हणायचा, आतल्याच कोणाला तरी घेतील, असंच असतं. तिसऱ्या आठवड्यात मी विचारणं सोडलं. मी फोन करणार होते, पण तो म्हणाला, असं मागे लागलेलं बरं दिसत नाही, शिवाय मी प्रोबेशनवर. मी गप्प बसले. नव्या नवरीला गप्प बसणं फार लवकर जमतं, कोणी शिकवावं लागत नाही.

त्याच सुमारास काकीचं वागणं बदललं. आधी ती मला गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून टोकायची, जिन्यात सांडलेल्या पाण्यावरून बोलायची. आता मी हंडा उचलला की घरातून ओरडायची, "ठेव गो तो खाली. माजा पोरगा वर चढवील." कधी वाटीभर कोकमाचं सार यायचं, कधी चिंच. शेतातल्या वालाच्या शेंगा आल्या तर त्या सोलायला मला खाली बोलावून घ्यायची आणि स्वतःच सोलायची, मला नुसतं बसवून ठेवायची. मला वाटलं, बाई तोंडाने फटकळ असली तरी मनाने बरी आहे, परक्या राज्यातल्या पोरीची दया आली असेल. आईला फोनवर मी कौतुकाने सांगितलंसुद्धा.

एका शुक्रवारी भर दुपारी तिने मला खाली बोलावलं. सुनेला बाजारात पाठवलं होतं. दार आतून लावून घेतलं, खिडकी ओढली. मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि हिरवा खण, नारळ, तांदूळ, पाच फळं अशी माझी ओटी भरली. माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, "कुनाला सांगू नको हां. सांगायचं नसतं." मला तिचं वागणं थोडं चमत्कारिक वाटलं, पण सुनेला कळू नये म्हणून असेल अशी मी समजूत करून घेतली. मी पाया पडले. खरं सांगायचं तर मी रडले. पेणला आल्यापासून मला पहिल्यांदाच कोणी आपलं मानलं होतं. तिनेही पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "वांत्या व्हतात काय गो?"

मी म्हटलं, "नाही. कशाने?"

ती हसली. "माज्याशी कसली लपवाछपवी? तिसरा लागला आसंल ना. म्हनून तर चोरओटी भरली."

चोरओटी हा शब्द मी ऐकला होता. पोटुशी बाईची पहिली ओटी, तिसऱ्या महिन्यात, गुपचूप भरायची, दृष्ट लागू नये म्हणून बोभाटा करायचा नाही. ऐकला होता, पाहिली कधीच नव्हती. मी तशीच पाटावर बसून राहिले. मांडीवर नारळ होता. मी विचारलं, "काकी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आता कोन सांगनार? समद्या बसला ठावं हाय. तुजा मालकच बोलला सायबाला, हिला दिवस गेलेत, आता नोकरी नको. माज्या पोराच्या समोर बोलला." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, "बरं केलंन. त्या वासात कशाला जायाचं पोटुशीनं?"

मी वर आले. ओटीचे तांदूळ डब्यात ओतले, फळं टोपलीत ठेवली. एवढं शांतपणे मी कसं केलं, मला आजही कळत नाही. मी गरोदर नव्हते. चार दिवसांपूर्वीच पाळी येऊन गेली होती आणि हे माझ्या नवऱ्याला चांगलं माहीत होतं.

त्याची पहिली शिफ्ट होती, चारच्या बसने आला. मी चहा दिला नाही. सरळ विचारलं. त्याने आधी नाही म्हटलं, मग थोडंसं हो म्हटलं, मग सगळं सांगितलं. खांब गावात एका सहकाऱ्याच्या शेतात पोपटी लावली होती. मडक्यात भाजलेल्या शेंगा खायला सगळी शिफ्ट जमलेली, आणि तिथे माझ्या इंटरव्ह्यूचा विषय निघाला. कोणीतरी म्हणालं, आता सुपरवायझरसाहेबांची बॅच त्यांची बायकोच फेल करणार. दुसरा म्हणाला, घरी भांडण झालं की बॅचमध्ये ओलावा निघालाच समजा. सगळे हसले. प्रॉडक्शनच्या माणसाने माल बनवायचा आणि लॅबने तो पास की नापास ते ठरवायचं, अशी कंपनीची रीत. लॅबने ‘ओला’ म्हटलं की अख्खी बॅच परत ड्रायरमध्ये जाते आणि सुपरवायझर साहेबासमोर उभा राहतो. तो बायकोच्या सहीपायी उभा राहणार, ही कल्पना लोकांना फार गोड वाटली होती. रोज बसमध्ये तीच थट्टा. शेवटी लॅबच्या साहेबांनी त्याला विचारलं, लेटर काढू ना? आणि याच्या तोंडून निघून गेलं.

"निघून गेलं म्हणजे?" मी विचारलं. "शिंक आहे का ती?"

"दुसरं काय सांगणार होतो? नको म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं."

"मला विचारायचं होतंस."

"तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. ते त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याने मला सोडून सगळ्या बसला सांगितलं. पेणपासून गडब, नागोठणं करत रोह्यापर्यंत जेवढी माणसं त्या बसमध्ये चढत होती, तेवढ्यांना माझ्या पोटात काय आहे ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते मलाच. त्या संध्याकाळी मला त्याचा इतका राग आला की मी त्याचं ताट वाढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी पॅसेंजर पकडली. एकच वाक्य ठरवून निघाले होते, ‘मी गरोदर नाही, मला नोकरी हवी आहे.’ गेटवर वॉचमनने नाव विचारलं, नवऱ्याचं नाव सांगताच स्वतःची खुर्ची उचलून सावलीत ठेवली. "बसा मॅडम, ऊन आहे," म्हणाला. पाणी आणून दिलं. त्यालाही ठाऊक होतं. मी त्या खुर्चीवर बसले नाही.

लॅबचे साहेब स्वतः बाहेर आले. मला बाजूच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "तुमचं लेटर माझ्या ड्रॉवरमध्ये सही होऊन पडलंय. मी अजून दुसऱ्या कोणाला घेतलेलं नाही. तुमच्या मिस्टरांनी असं असं सांगितलं. खरं आहे का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं ते अगदी नीट, ब्युरेटमधला आकडा वाचताना बघतात तसं. मला वाटतं, त्यांना संशय आला होता. मला वाटतं, ते मला दार उघडून देत होते.

मी तोंड उघडलं. आणि त्या क्षणी मला काय काय आठवावं? प्रोबेशनचे राहिलेले महिने. सुपरवायझर बॅचच्या नोंदी लिहितो, खोटं बोलणाऱ्याच्या हाती त्या कोण ठेवील? उद्या यांनी त्याला बोलावलं, परवा तो घरी बसला, मग दोन खोल्यांचं भाडं, मग बडोद्याला परत, आणि तिथे आई विचारणार, काय झालं? मी सांगणार, मी त्याला खोटं पाडलं. लग्नाला चार महिने झाले होते. बाहेर, काचेपलीकडे, तो हेल्मेट घालून ड्रायरजवळ उभा होता. त्याने मला बघितलं होतं. त्याचा चेहरा असा पडला होता की मला त्याची कीव आली. रागावर कीव आली की बाई संपलीच, हे मी नंतर शिकले.

मी म्हटलं, "हो, खरं आहे."

साहेब म्हणाले, "तब्येत सांभाळा." कंपनीच्या गाडीने मला स्टेशनवर सोडलं.

नवरा घरी आला तेव्हा जिलबी घेऊन आला. तो दिवस मी त्याला कधीच माफ केलेला नाही. खोटं बोलल्याबद्दल एक वेळ केलं असतं, जिलबीबद्दल नाही.

पुढे अडचण अशी आली की पोट दिसायला हवं. काकी रोज नजर टाकायची. पेणच्या कुठल्या डॉक्टरणीकडे जायचं ते सांगायची. नवरा म्हणाला, "पडलं म्हण." मी म्हटलं, माझ्या तोंडून हे निघणार नाही. मग त्यानेच बसमध्ये सांगितलं. त्याला आता सवय झाली होती.

त्या संध्याकाळी काकी गुडघे धरत धरत जिना चढून वर आली. पहिल्यांदाच. मला अंथरुणावर झोपायला लावलं. कुळथाचं कढण आणलं होतं, ते स्वतः पाजलं. गल्लीतल्या दोन बायका येऊन बसल्या, हळू आवाजात बोलून गेल्या. सगळे गेल्यावर काकी माझ्याजवळ बसून राहिली आणि म्हणाली, "माजं मिठागरावर गेलं गो. पाचवा व्हता. डोक्यावर मिठाची टोपली व्हती, ती उतरवली नि बांधावर बसले, ती उठलेच नाय. मुकादम बोलला, बाकीच्या टोपल्या कोन टाकील? चाळीस वर्सं झाली. कुनाशी बोलले नाय मी."

मी रडायला लागले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं मी त्याच्यासाठी रडतेय. मी त्या ड्रॉवरमधल्या लेटरसाठी रडत होते, ‘हो’ म्हणून बसले त्यासाठी रडत होते, आणि चाळीस वर्षं कोणाला न दाखवलेलं दुःख या बाईने एका थापेपुढे काढून ठेवलं, याची मला भयंकर लाज वाटत होती. तिला खरं सांगावं असं दहा वेळा वाटलं. सांगितलं असतं तर तिचं काय उरलं असतं? मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून कढण पीत राहिले. आजही तिला माहीत नाही. आजही ती मला जड उचलू देत नाही.

नवरा कायम झाला. लॅबमध्ये दुसरी कोणी मुलगी लागली. मी आणखी दोन कंपन्यांत अर्ज केले. धाटाव लहान आहे, एका गेटची गोष्ट दुसऱ्या गेटवर आधी पोचते. एका ठिकाणी मला सरळ विचारलं, आता पुन्हा चान्स घेणार असाल ना? मी फाइल उचलून बाहेर आले. मग शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले, ॲप्रनचं फडकं झालं, आणि दोन वर्षांनी मला खरोखर दिवस गेले.

मुलगी झाली. बारसं काकीच्या अंगणात केलं, तिनेच पाळणा सजवला. बडोद्याहून आई-बाबा आले, कंपनीतले लोक आले. नवऱ्याने मुलीला हातावर घेतलं होतं. शिफ्टमधला कोणीतरी म्हणाला, फार जपता हो तुम्ही हिला. तो म्हणाला, "पहिलं गेलं ना आमचं." आणि त्याचे डोळे भरून आले.

मी दोन हातांवर उभी होते. नाटक करताना तो कसा दिसतो हे मला पाठ आहे, आधी डावी भुवई वर जाते. भुवई वर गेली नव्हती. पाणी खरं होतं. माझ्या बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पाहुणे गेल्यावर दुपारी आम्ही वर आलो. मुलगी झोपली. मी विचारलं, "कुठलं पहिलं?"

तो म्हणाला, "आजच्या दिवशी तरी नको गं." मग मुलीकडे बघत, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ते असतं तर आता सव्वादोन वर्षांचं असतं."

त्याने महिने मोजून ठेवले होते. मी म्हटलं, "हो. आणि मी लॅबमध्ये असते."

त्याने मान वर केली. खरंच काही न कळल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठल्या लॅबमध्ये?"